लघु की दीर्घ?

मी परिपत्रकं वाचत नाही, त्यांच्यावर सही करते. बावीस वर्षं तर्कशास्त्र शिकवल्यावर एवढी अक्कल येते, की परिपत्रक वाचलं तर डोकं फिरतं आणि नाही वाचलं तरी पगार तेवढाच होतो. या अकलेने माझी काय शोभा केली तेच सांगायला बसले आहे, म्हणून आधीच कबूल केलेलं बरं.

त्या वर्षी आमच्या विद्यापीठात ‘सहभाग कक्ष’ उघडला. तळमजल्यावरच्या ज्या खोलीत मोडक्या खुर्च्या टाकलेल्या असत ती रंगवली, खुर्च्या जिन्याखाली गेल्या आणि दारावर संचालकांची पाटी लागली. संचालक आले तेच टाळ्या वाजवत. बैठक सुरू झाली की टाळ्या, संपली की टाळ्या, मध्ये कुणी जांभई दाबली तरी त्याला उत्साह यावा म्हणून टाळ्या. दुसऱ्या आठवड्यापासून सगळे त्यांना टाळीसाहेब म्हणू लागले, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

पहिल्याच सभेत टाळीसाहेबांनी आम्हा साठ प्राध्यापकांना सांगितलं, की विद्यार्थी वर्गात असतात, पण खऱ्या अर्थाने नसतात. हे ऐकवण्यासाठी आमचे सकाळचे सगळे तास रद्द केले होते. त्यामुळे त्या दिवशी विद्यार्थी वर्गात होते आणि आम्ही नव्हतो.

“नुसती उपस्थिती म्हणजे सहभाग नव्हे!” ते म्हणाले. “खुर्चीसुद्धा रोज उपस्थित असते!”

यावर टाळ्या पडल्या. मी जिन्याखालच्या खुर्च्यांचा विचार करत होते, त्यामुळे माझ्या टाळ्या जरा उशिरा पडल्या.

मग ‘सहभाग निर्देशांक’ नावाचं प्रकरण निघालं. प्रत्येक वर्गाला एक निळी नोंदवही. वर्गप्रतिनिधीने रोज ती भरायची आणि शिक्षकाने पानाखाली ‘तपासले’ असं लिहून सही करायची. विद्यार्थ्याने विचारलेल्या शंकांना गुण होते. ज्याचे सत्रभरात दहा गुण होणार नाहीत तो ‘सहभागशून्य’, आणि सहभागशून्याला परीक्षेला बसता येणार नाही. ज्या वर्गाची सरासरी घसरेल तो विषय पुढच्या वर्षापासून बंद. तर्कशास्त्र गेली तीन वर्षं ‘बंद करण्यायोग्य’ विषयांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. पहिल्या क्रमांकावरचा विषय शिकवणारे गृहस्थ वारले होते.

हे सगळं परिपत्रकात तपशीलवार दिलं होतं. मी सही केली.

माझा तास सकाळी साडेसातचा. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला, स्वच्छतागृहाला भिंत लावून. तर्कशास्त्राला विद्यापीठाने दिलेली ही मानाची जागा. कुणी साखळी ओढली की माझं अर्धं वाक्य वाहून जाई. पूर्वी मुलं तासाला दहादा ‘मॅडम, जाऊ का?’ विचारत आणि माझ्या युक्तिवादाचा धागा तुटे. म्हणून मी फार वर्षांपूर्वी नियम केला होता: जायचं असेल तर एक बोट वर करा, जा आणि या. मला विचारू नका. फळ्याशेजारी तशी सूचनाही लावलेली होती, माझ्याच अक्षरात: ‘लघुशंकेसाठी तोंडी परवानगी मागू नये. बोट वर करावे.’

माझा दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तास संपताना मी म्हणत असे, “काही शंका? नाही ना?” हे सगळं मी एका दमात म्हणे आणि ‘नाही ना’ येईपर्यंत माझा एक पाय दाराबाहेर पडलेला असे. बावीस वर्षांत कुणी मला थांबवलं नव्हतं. मी चांगलं शिकवते, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

वर्गात एकतीस जण. प्रतिनिधी म्हणून एका मुलीला निवडलं, कारण तेव्हा ती एकटीच जागी होती. तिला सगळे फुटपट्टी म्हणत. ती वहीतली प्रत्येक रेघ पट्टीने मारायची, खाडाखोडसुद्धा पट्टी लावून करायची. सांगितलेलं काम तंतोतंत करायचं आणि न सांगितलेलं डोक्यात येऊच द्यायचं नाही, असा तिचा स्वभाव. मोठेपणी ती कुठल्याही कचेरीत फार वर जाणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मागच्या बाकावर बाटली बसायचा. त्याच्याकडे दोन लिटरची पाण्याची बाटली असे आणि ती तासाभरात संपवणं हे त्याचं एकमेव ध्येय होतं. परिणामी तो तासात तीनदा तरी बोट वर करून बाहेर जाई. परत आला की शेजाऱ्याला विचारी, “कुठपर्यंत आलंय?” शेजाऱ्यालाही ते माहीत नसे.

आणि पहिल्या बाकावर, खिडकीशी, सिस्टर. वय चव्वेचाळीस, दवाखान्यात परिचारिका. रात्रपाळी संपवून दोन बस बदलून ती थेट वर्गात यायची. अंगाला औषधांचा वास आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. वीस वर्षांची पोरं नऊ तास झोपून येऊन माझ्यासमोर पुन्हा झोपत, आणि रात्रभर जागलेली ही बाई टक्क डोळ्यांनी फळ्याकडे बघत बसे. एका तासालाही गैरहजर नाही आणि तोंडातून एक अक्षरही नाही. वहीत मात्र माझं प्रत्येक वाक्य, कधीकधी मी फुकट मारलेल्या टोमण्यांसकट.

सत्र संपायला जेमतेम आठवडा उरला असताना एक जाड लिफाफा आला. हा मी वाचला, कारण त्यावर सोनेरी पट्टी होती. सबंध विद्यापीठात सहभाग निर्देशांकात पहिला क्रमांक तर्कशास्त्राचा! दुसऱ्या क्रमांकाच्या वर्गाला आमच्या निम्मेही गुण नव्हते. येत्या शनिवारी कुलगुरूंच्या हस्ते माझा सत्कार, विषय ‘बंद करण्यायोग्य’ यादीतून बाहेर, आणि बाटलीला ‘जिज्ञासारत्न’ हा वैयक्तिक पुरस्कार.

खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. बाटलीचं नाव वाचून मला नवल वाटायला हवं होतं. पण स्तुती वाचताना माणसाच्या नजरेतून जे जे निसटतं ते सगळं निसटलं. मुलं माझ्या तासात गुंग होऊन जातात आणि मला मेलीला ते कळतसुद्धा नाही, असं मी त्या दिवशी नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो “बरं” म्हणाला.

दुसरा कागद लिफाफ्याच्या तळाशी चिकटला होता. ‘सहभागशून्य विद्यार्थ्यांची यादी, विषय तर्कशास्त्र.’ यादीत एकच नाव होतं. सिस्टरचं. गुण शून्य.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं आणि कागद पुढे केला. तिने तो नीट दोनदा वाचला. मग घडी घालून बाकावर ठेवला आणि त्यावरून हात फिरवत राहिली.

“मला परीक्षेला बसू देणार नाहीत?” तिने विचारलं. सत्रभरात मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

“पुढच्या वर्षी बसता येईल,” मी म्हणाले. अशा वेळी असं काहीतरी म्हणायची आम्हाला सवय असते.

“पुढच्या वर्षी मला पंचेचाळीस पूर्ण होतात, मॅडम. आमच्या प्रशिक्षण शाळेत शिकवायची एक जागा आहे. दिवसाची नोकरी. पदवी हवी आणि वय पंचेचाळीसच्या आत. हा माझा शेवटचा पेपर राहिलाय.” तिने खिडकीतून बाहेर बघितलं. “चौदा वर्षं रात्रपाळी केली. मुलगी बारा वर्षांची झाली, पण ती रात्री शेजारच्या मावशींकडे झोपते. तिला आई फक्त झोपलेली दिसते.”

मग तीच म्हणाली, “ती वही बघू का जरा?”

निळी वही टेबलावरच होती. सिस्टरने ती उघडली आणि माझ्या देखत तिचा चेहराच बदलला. दमलेली विद्यार्थिनी गेली आणि तिथे वॉर्डातली बाई आली. तिने पानं भराभर उलटली, बोट रकान्यांवरून वरून खाली फिरवलं, वेळा बघितल्या. एका पानावर थांबून तिने ओठ घट्ट मिटले. हसू दाबत होती की काय, मला कळेना.

“मॅडम, या शंका नाहीत.”

“म्हणजे?”

“आमच्याकडे पेशंटच्या पलंगाला असाच कागद टांगलेला असतो. किती प्याला, किती गेला, किती वाजता. हा आउटपुट चार्ट आहे.” तिने बाटलीच्या नावावर बोट ठेवलं. “याची साखर तपासून घ्यायला सांगा.”

मी वही ओढून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचली. ‘शंका’ या मथळ्याखाली टाळीसाहेबांच्या कक्षाने दोन रकाने छापले होते. परीक्षेत लघुत्तरी आणि दीर्घोत्तरी प्रश्न असतात ना, त्याच चालीवर: लघु आणि दीर्घ. लघु शंकेला एक गुण, दीर्घ शंकेला तीन. खाली सूचना: ‘विद्यार्थ्याने हात अथवा बोट वर करताच नोंद करावी.’

मी फुटपट्टीला बोलावून घेतलं. ती पट्टीसकट आली.

“हे काय लिहिलंयस?”

“शंका, मॅडम.”

“कुणी विचारल्या या शंका?”

“विचारल्या नाहीत. विचारायचं नाही असा नियम आहे ना?” तिने फळ्याशेजारच्या सूचनेकडे बोट केलं. “बोट वर केलं की मी लिहायचे. पाच मिनिटांच्या आत परत आले तर लघु, नाहीतर दीर्घ. घड्याळ लावून बघायचे मी. बाटली एकदा चाळीस मिनिटं आला नाही. त्याला किती गुण द्यायचे ते कक्षात जाऊन विचारलं होतं.”

“काय म्हणाले?”

“फार खोल शंका असली तरी तीनच द्या म्हणाले.”

मी कपाळाला हात लावला. “अगं, हे सहभागाचं मोजमाप आहे, याचा सहभागाशी काय संबंध असं तुला एकदाही वाटलं नाही?”

“वाटलं होतं,” ती म्हणाली. “पण रोज तुम्ही ‘तपासले’ लिहून सही करत होता. म्हटलं, बरोबरच असेल.”

मुलीच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी दर वर्षी पहिल्या महिन्यात शिकवते, की एकच शब्द दोन अर्थांनी वापरला तर सगळा युक्तिवाद कोसळतो. त्या दोषाची उदाहरणं देण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. आणि माझ्याच वर्गात, माझ्याच सहीने, तो दोष सत्रभर रोज घड्याळ लावून नोंदवला जात होता. तासाला उठून जाणारे तीस जण सहभागी ठरले होते, आणि जागची न हललेली एकटी सहभागशून्य.

आता सरळ माणूस काय करील? जाऊन सांगेल. मी तसं केलं नाही. मी टाळीसाहेबांकडे गेले आणि फक्त अर्धंच बोलले.

“त्या एका बाईला अपवाद म्हणून बसू द्या,” मी म्हणाले. “तिची उपस्थिती शंभर टक्के आहे.”

“मॅडम, खुर्चीसुद्धा रोज…”

“ते ऐकलंय मी.”

“मग? पहिल्या क्रमांकाच्या वर्गात बसून जिला एकही शंका येत नाही, ती बाई मनाने तिथे नाहीच.” त्यांनी हलकेच टाळी वाजवली. “आणि हे बघा, ज्या वहीने तीस जणांना पास केलं त्याच वहीने तिला शून्य दिलंय. तिच्यापुरती वही खोटी आणि बाकीच्यांपुरती खरी? तर्कशास्त्राच्या मॅडम असं म्हणतायत?”

काय सांगू, माणूस बरोबर बोलत होता. सत्रभरात त्या इमारतीत कुणी केलेला तो एकमेव वैध युक्तिवाद असावा. वही खरी धरली तर सिस्टर जात होती आणि खोटी म्हटली तर माझा विषय, सत्कार आणि सोनेरी पट्टी जात होती. मी “बरं, बघते” म्हणून बाहेर पडले. जिन्याखाली एक मोडकी खुर्ची होती, तिच्यावर जरा वेळ बसले.

मग मला एक नामी युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी सिस्टरला मी दाराशीच गाठलं आणि कुजबुजत सांगितलं, “अजून तीन तास व्हायचे आहेत. रोज एकदा बोट वर करा, बाहेर जा, सहा मिनिटांनी या. शेवटच्या दिवशी दोनदा जा. चार दीर्घ, बारा गुण. काम फत्ते.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी मनातल्या मनात माझी डिग्री तिथेच जमिनीवर ठेवली.

“मॅडम, मी रात्रभर लोकांच्या नोंदी लिहिते. एक आकडा खोटा लिहिला तर सकाळचा डॉक्टर चुकीचं औषध देईल. तिथे हात धजत नाही, मग इथे कसं करू?” ती थांबली. “आणि सहा मिनिटं बाहेर उभी राहिले तर तुमचं तेवढं शिकवणं बुडेल. त्यासाठीच तर येते ना मी. नाहीतर घरी जाऊन झोपले नसते?”

ती आत जाऊन खिडकीशी बसली आणि तिने वही उघडली. मी त्या दिवशी काय शिकवलं ते मला आठवत नाही. तिच्या वहीत असेल.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पाणी खात्यात आहे, लोकांचे मीटर वाचतो. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

“अहो, हसताय काय? माझ्या जिवाला घोर लागलाय.”

“अगं, पण दीर्घला तीन गुण!” त्याने डोळे पुसले. मग जरा गंभीर झाला. “हे बघ, तीन वर्षं राहिलीत तुझी. मूग गिळून बस. विषय बंद केला तर म्हातारपणी तुला कुठल्या कोपऱ्यात बसवतील, ठाऊक आहे?”

“आणि त्या बाईचं काय?”

“ते मला काय विचारतेस?” तो वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाला. “पानापानावर सही माझी आहे का?”

हा माणूस मला धीर देतो की माझी सालं काढतो, हे तीस वर्षांच्या संसारात मला कळलेलं नाही.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. हजर राहणाऱ्यांना पाच सहभाग गुण होते. पहिल्या रांगेत कुलगुरू, त्यांच्या शेजारी टाळीसाहेब. आधी बाटलीला व्यासपीठावर बोलावलं. त्याच्या गळ्यात ‘जिज्ञासारत्न’चं पदक घातलं आणि “या यशाचं रहस्य काय?” असं विचारलं. बाटली प्रामाणिक मुलगा. तो म्हणाला, “भरपूर पाणी.” टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा नंबर आला तेव्हा तो व्यासपीठाच्या कडेला एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होता.

माझ्या पर्समध्ये आभाराचं भाषण होतं. माझ्या गप्प राहण्याने कुणाचंच बिघडणार नव्हतं, एकीशिवाय. ती सभागृहात नव्हती. तिला आदल्या रात्रीची पाळी होती आणि शनिवारी सकाळी ती झोपते, हे मला ठाऊक होतं. तिथे असती तर कदाचित मला तिच्या डोळ्यांकडे बघून धीर झाला असता, असं म्हणायला बरं वाटतं. पण खरं सांगायचं तर धीर वगैरे काही नव्हता. मी भाषण पर्समध्येच ठेवलं, निळी वही बाहेर काढली आणि बोलायला लागले.

“आमचा वर्ग पहिला येण्याचं कारण असं,” मी म्हणाले, “की तो स्वच्छतागृहाला लागून आहे.”

लोक हसले, कारण सत्कारमूर्तीने विनोद केला असं त्यांना वाटलं. मग मी वही उघडली आणि वाचायला लागले. तारीख, नाव, वेळ, लघु. तारीख, नाव, वेळ, दीर्घ. चौथ्या ओळीपर्यंत मागच्या रांगांना उमगलं, सहाव्यापर्यंत पुढच्यांना. दहाव्या ओळीला सभागृहात असा हशा उसळला की माईक शिट्ट्या मारू लागला. कुलगुरूंनी तोंडावर रुमाल धरला. फक्त टाळीसाहेब हसत नव्हते. ते आळीपाळीने माझ्याकडे आणि बाटलीकडे बघत होते.

हशा ओसरल्यावर मी म्हणाले, “चूक ही वही भरणाऱ्या मुलीची नाही. तिला जे लिहून दिलं तेच तिने केलं. चूक माझी आहे. मी न वाचता रोज ‘तपासले’ लिहिलं. या वहीप्रमाणे वर्गात सर्वांत कमी रस असलेली विद्यार्थिनी ती आहे, जी सत्रभर एकदाही उठून गेली नाही. रात्रपाळी करून येते ती. तिला तुम्ही परीक्षेला बसू देत नाही आहात. पदक परत घ्या आणि तिचं नाव त्या यादीतून काढा.”

मी वही मिटली. तेवढ्यात एकट्याच टाळ्या वाजू लागल्या. टाळीसाहेब उभे राहिले होते.

“बघितलंत?” ते म्हणाले. “सातशे माणसं एका वेळी, उत्स्फूर्तपणे हसली! मी सहभाग सहभाग म्हणतो, तो हाच!”

अशा माणसांना बुडवता येत नाही, ती तरंगतात. बाटलीने मात्र पदक काढून टेबलावर ठेवलं, सवयीने एक बोट वर केलं आणि धावत बाहेर गेला.

कुलगुरूंनी त्याच संध्याकाळी सहभागशून्यांची यादी रद्द केली. फक्त आमचीच नव्हे, सगळ्या वर्गांची. एकूण दोनशे चौदा जण होते, असं मागाहून कळलं. ते कोण होते आणि का गप्प होते, हे कुणी विचारलं नाही. सोमवारी मला दुसरा लिफाफा आला, सोनेरी पट्टीशिवाय. हाही मी वाचला, आता सवयच लागली होती. फेरमोजणीत तर्कशास्त्राचा निर्देशांक शून्य भरला होता. विषय पुढच्या वर्षापासून बंद. आणि मी शब्दांच्या बाबतीत काटेकोर असल्याचं निदर्शनास आल्याने मला सहभाग कक्षात परिपत्रकांची भाषा तपासण्यासाठी नेमण्यात येत होतं. ती जिन्याखालची खुर्ची आता नीट करून घ्यायला हवी, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो या वेळी हसला नाही. त्याने माझ्यासाठी चहा केला.

शेवटचा तास बुधवारी झाला. नवं काही शिकवायचं नव्हतं. ‘शंका’ रकाना रद्द झाला होता, तरी फुटपट्टी वही उघडून बसली होती, कारण वही परत करण्याचं परिपत्रक अजून आलं नव्हतं. बाटली त्या दिवशी बाटलीशिवाय आला होता आणि पहिल्यांदाच मला त्याचा सबंध चेहरा दिसला. घंटा व्हायला दहा मिनिटं होती. मी पर्स उचलली, दाराकडे वळले आणि बावीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, “काही शंका? नाही ना?”

खिडकीशी एक बोट वर झालं.

“जा,” मी म्हणाले.

“बाहेर नाही, मॅडम,” सिस्टर म्हणाली. “शंका आहे.”

वर्गात सगळे वळून बघू लागले. भिंतीपलीकडे कुणीतरी साखळी ओढली. ते पाणी वाहून जाईपर्यंत ती थांबली, मग उठून उभी राहिली.

“मला समजत होतं म्हणून मी गप्प होते. पण ज्याला काहीच समजत नाही तोही असाच गप्प बसतो. आमच्याकडे पेशंट गप्प पडला की आम्ही नाडी बघतो. बरा आहे म्हणून गप्प आहे की अखेरचं आहे म्हणून, ते हात लावल्याशिवाय कळत नाही.” तिने एकदा मागे, बाकांवरच्या तीस जणांकडे बघितलं. “तुम्ही रोज ‘नाही ना’ म्हणून निघून जायचा. यातला कोण कसा गप्प आहे, हे तुम्हाला कसं कळायचं?”

मला टाळीसाहेबांचा इतका राग आलेला होता, की हा प्रश्न त्यांना विचारायला हवा असं एक क्षण वाटून गेलं. पण ती माझ्याकडे बघत होती आणि उत्तर लिहून घेण्यासाठी तिने पेन उघडलं होतं. मला कधीच कळलेलं नव्हतं. बावीस वर्षांत किती जण माझ्यासमोर तसेच गप्प बसून गेले असतील, ते मोजायला कुठलीच वही नव्हती.

“मॅडम,” फुटपट्टीने पट्टी वहीवर टेकवत हळूच विचारलं, “ही लघु लिहू की दीर्घ?”

“दीर्घ,” मी म्हणाले. पर्स टेबलावर ठेवली, दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.